न झाडलेले दोन गुंठे

मुकादम कचरा बघत नाही, रेषा बघतो. खराटा मातीवरून फिरला की काड्यांच्या बारीक रेषा मागे राहतात. सकाळी साडेआठला शिवानंद मोटारसायकलवरून फेरी मारतो तेव्हा वाटेच्या दोन्ही अंगांना त्या रेषा दिसल्या, की काम झालं असं तो धरून चालतो आणि गाडी न थांबवता पुढे जातो. सोलापूरच्या दक्षिण कडेला असलेल्या त्या चाळीस एकरांच्या वनोद्यानात तेरा बाया ठेक्यावर झाडूकाम करतात. रेषांची ही गोष्ट प्रत्येकीला पहिल्याच आठवड्यात कळते.

मीनाबाई सर्वगोडला ती कळून अकरा वर्षं झाली होती. त्यातली सात वर्षं तिने मुकादमाला फसवलं होतं.

तिच्याकडे उद्यानाचं टोक होतं. पंपाच्या खोलीमागून एक नाला जातो. टाकी भरून वाहिली की पाणी त्यात उतरतं, त्यामुळे बाकीचं रान मे महिन्यात भाजून निघालं तरी तिथे करंज, जांभूळ आणि दोन जुन्या वडांखाली ओल टिकते. असेल दोनेक गुंठे जागा. तेवढ्या जागेच्या फक्त कडेकडेने मीनाबाई खराटा ओढायची. वाटेवरून बघणाऱ्याला रेषा दिसायच्या. रेषांच्या आत घोट्याइतका पाचोळा जशाच्या तसा पडलेला असायचा.

हे सुरू झालं एका मेच्या सकाळी. पंपाच्या खोलीत मोटारीच्या आडोशाला एक पक्षी बसला होता. मैनेपेक्षा थोडा लहान, शेपूट जवळजवळ नाहीच. पाठ हिरवी, खांद्यावर निळा चकाकता तुकडा, पोट फिकट पिवळसर, शेपटीखाली कुंकवासारखा लाल. डोळ्यांवरून काळा पट्टा, त्याच्यावर पांढरी भुवई. जवळ गेली तरी तो उडाला नाही. मीनाबाईने त्याला पदरात घेतलं, तेव्हा त्याची छाती घड्याळासारखी उडत होती. तिने त्याला नाल्याच्या सावलीत सोडलं. तो दोन उड्या मारून पाचोळ्यात शिरला, चोचीने एक पान उलटं केलं, त्याखालचा किडा उचलला आणि पुढचं पान उलटं केलं. मीनाबाई खराटा हातात धरून उभी राहिली. त्या दिवशी तिने तो तुकडा झाडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पक्ष्याचं नाव तिला कुमारसरांनी सांगितलं. कुमार वाघमोडे मूळचे माळशिरसकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. सोलापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून उद्यानात फिरतात.

"नवरंग म्हणतात त्याला, मीनाबाई. हा इथला नाही. हिवाळा तिकडं दक्षिणेत, केरळात, श्रीलंकेत काढतो. पावसाळ्याच्या तोंडाला रात्री-रात्री उडत मध्य भारतातल्या, सह्याद्रीच्या जंगलात जातो. तिथं घरटं घालतो, काटक्या-पानांचं, चेंडूसारखं, दार एका बाजूला. सोलापूर त्याचं नुसतं वाटेतलं ठिकाण."

"म्हंजी येष्टी थांबती तसं."

"तसंच. आठ-दहा दिवस थांबायचं, खायचं, अंगावर बळ आलं की पुढं जायचं."

"आन खायाला न्हाय मिळालं तर?"

सर हसले होते. "मग पुढं जाणं अवघड."

पुढच्या सात वर्षांत मीनाबाईने जे पाहिलं ते सरांच्या पुस्तकात असेलही, पण तिने ते स्वतः पाहिलं. नवरंग येतो तो बहुधा मेच्या शेवटच्या आठवड्यात. उजाडताना आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आधी तो दोन सुरांची शिट्टी घालतो, पहिला सूर चढता, दुसरा उतरता. तिचं घर उद्यानाच्या भिंतीमागच्या वस्तीतच असल्याने ती शिट्टी तिला चुलीपाशी ऐकू यायची. तो झाडावर खात नाही, जमिनीवर खातो. वाळवी, भुंगे, गांडुळं, बारक्या गोगलगायी. मोकळ्या मातीत तो उतरत नाही. बाकीच्या नीट झाडलेल्या सगळ्या उद्यानात तिला तो एकदाही दिसला नाही.

तिची आई सूतगिरणीत झाडू मारायची. उडालेला कापूस दिवसभर झाडायचा आणि दिवसभर तो पुन्हा उडायचा. मीनाबाई नववीपर्यंत शिकली. नवरा यशपाल रेल्वेत खलाशी झाला. मुलगी बुद्धप्रिया पुण्यात नर्स आहे. तरी हातातला खराटा काही सुटला नव्हता. या कामात आपल्या मनाने करायचं असं काही नसतं. कुठे झाडायचं, किती वाजता झाडायचं, सगळं दुसरा सांगतो. ते दोन गुंठे न झाडणं हा तिचा एकटीचा निर्णय होता.

मग तिने एक चूक केली. गेल्या वर्षी तिने कुमारसरांना फोन करून सांगितलं, "सर, नाल्याच्या कोपऱ्यात आलाय. उद्या पहाटं या."

सर आले. त्यांनी काढलेला फोटो पेपरात छापून आला. आणि यंदा एप्रिलमध्ये वरच्या कार्यालयातून कागद आला: मेच्या शेवटच्या रविवारी उद्यानात "नवरंग महोत्सव" भरवायचा. जागा, फोटो जिथे काढला तीच. नाल्याचा कोपरा.

महोत्सवाआधीच्या शुक्रवारी शिवानंदाने तेराजणींना पंपाच्या खोलीपाशी गोळा केलं. शिवानंद अक्कलकोटकडचा, पस्तिशीचा, मनाने वाईट नाही; पण साहेबाचा फोन आला की त्याचा आवाज बदलतो.

"नाल्याचा कोपरा आरशासारखा लख्ख पायजे. पाचोळा सगळा काढायचा. वर हिरवा गालिचा, दोन्ही बाजूंनी फक्की. मीनाबाई, तुझा पट्टा हाय, तू पुढं हो."

"तितं न्हाय झाडायचं," मीनाबाई म्हणाली.

"का? काय पुरून ठेवलंयस काय?"

बाया हसल्या.

"तितं तो खातो."

"कोण खातो?"

"ज्याचा म्होत्सव हाय तो."

शिवानंदाने बायांकडे बघितलं. "ऐकलं का? पक्षी पाचोळा खातोय म्हणं. उद्या साहेबाला सांगतो, गालिच्याऐवजी कडबा टाका."

बाया पुन्हा हसल्या. मीनाबाई हसली नाही.

"पाचोळ्याखालचं खातो. पानाखाली ओल हाय, वलीत किडं हायत. परवा संध्याकाळी आलाय तो. मी शिट्टी ऐकली. लांबनं आलाय, उपाशी हाय. आता झाडलं तर रविवारी तुमी बघणार काय?"

"त्याची काळजी तू नको करू. साहेबांनी पुण्याहून अळ्या मागवल्यात, डब्यातनं. ताटात वाढू की त्याला." शिवानंदाचा आवाज बदलला. "आन पाचोळ्यातनं साप निघाला, पाव्हण्याच्या पायाला डसला, तर तुझं नाव सांगू का माझं? तुला झाडायला ठेवलंय मीनाबाई, पक्षी राखायला न्हाय."

हे वाक्य मीनाबाईच्या ओळखीचं होतं. पक्ष्याच्या जागी दुसरं काहीतरी असायचं, बाकी शब्द तेच. सूतगिरणीत आईने एकदा जखमी कामगाराला पाणी पाजलं होतं, तेव्हा मुकादमी करणाऱ्या जॉबरने आईला हेच ऐकवलं होतं: तुला झाडायला ठेवलंय.

"मी न्हाय झाडणार," ती म्हणाली.

दुपारी तिने कुमारसरांना फोन लावला. "सर, तुमी सांगा साहेबास्नी. माझं कोण ऐकतंय? तुमी शिकिवलेलं हाय."

"बरोबर आहे तुमचं, मीनाबाई. अगदी बरोबर. मी बघतो, बोलतो साहेबांशी."

"आजच बोला. उद्या झाडणार हायत."

"आजच बोलतो."

शनिवारी सकाळी सातला नाल्यावर तेराजणींतली नागव्वा आणि आणखी चौघी खराटे घेऊन उभ्या होत्या. मीनाबाईने सरांना तीनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही. चौथ्यांदा मेसेज आला: कार्यक्रमाच्या तयारीत आहे, संध्याकाळी बोलू.

मीनाबाई सिमेंटच्या बाकावर हाताची घडी घालून बसली. तिच्यासमोर सात वर्षांचा पाचोळा निघाला. वरची पानं वाळकी होती, खालची काळी, एकमेकांना चिकटलेली, आणि त्याखाली भिजक्या चहाच्या चोथ्यासारखा थर. तो खराट्याला निघेना म्हणून फावडं आणलं. फावड्याच्या पात्यावर गांडुळं वळवळत होती. कचरा न्यायचा ट्रॅक्टर आला नाही, म्हणून सगळं नाल्याकाठी ढिगाने पेटवून दिलं. ओला ढीग धड पेटलाही नाही, संध्याकाळपर्यंत धुमसत राहिला.

नागव्वा ही तिची नऊ वर्षांपासूनची जोडीदारीण. दोघी रोज एकाच डब्यात जेवायच्या. दुपारी नागव्वा बाकापाशी आली.

"येन्वा, काय गं मीना, माझ्यावर डोळे काढून काय उपेग?"

मीनाबाईने मान फिरवली.

"तू न्हाय म्हणालीस. म्हण की. तुझा नवरा रेल्वेत हाय. माझा कुटं हाय? मी न्हाय म्हणाले तर सोमवारी माझा खराटा दुसरीच्या हातात."

"तुझा डबा तू घेऊन जा," मीनाबाई म्हणाली.

नागव्वाने डबा उचलला. तिचं म्हणणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मीनाबाईचा राग जास्त भडकला.

रविवारी सकाळी सहा वाजता सव्वाशे माणसं जमली. गेटवर भला मोठा फलक होता. त्यावर "नवरंग महोत्सवात आपले स्वागत" आणि शेजारी पक्ष्याचं चित्र: लांब शेपटीचा, वाकड्या चोचीचा, लाल-पिवळा-निळा परदेशी पोपट. तो जगातल्या कुठल्या जंगलात राहतो ते तिथे कुणाला माहीत नव्हतं, पण सोलापुरात तो कधी आलेला नव्हता, हे मीनाबाईलाही कळलं. सव्वाशे माणसं त्या चित्राखालून आत गेली. कुमारसरही गेले.

नाल्याचा कोपरा खरोखर लख्ख होता. पांढऱ्या फक्कीच्या रेषा, मध्ये हिरवा प्लॅस्टिकचा गालिचा, त्यापुढे मोकळी माती, मातीवर एक स्टीलची ताटली आणि ताटलीत अळ्या. मीनाबाईला मागे पाण्याच्या जारपाशी उभं केलं होतं.

कुमारसरांनी माइक हातात घेतला. "नवरंग हा जंगलाच्या जमिनीवरचा पक्षी. पाचोळा हेच त्याचं ताट. पाचोळा जिथं, तिथं नवरंग."

ते झाडलेल्या मातीवर उभे राहून हे बोलत होते. मीनाबाईने त्यांच्याकडे टक लावून बघितलं. सरांनी मान खाली घातली नाही, पण नजर दुसरीकडे वळवली.

मग त्यांनी आपला फोन स्पीकरला जोडला आणि नवरंगाची ध्वनिमुद्रित शिट्टी लावली. चढता सूर, उतरता सूर. पुन्हा. पुन्हा. दुसऱ्या नराचा आवाज ऐकला की नवरंग आपली जागा राखायला बाहेर येतो, हे सरांना ठाऊक होतं.

तो आला. नाल्यापलीकडच्या घाणेरीच्या झुडपातून उडत आला, काळ्या पंखांवरचे पांढरे ठिपके चमकले, आणि उघड्या मातीवर उतरला. कॅमेरे खडखडले. त्याने इकडेतिकडे मान फिरवली. दोन उड्या मारल्या. खाली चोच घातली. उलटं करायला काही नव्हतं. ताटलीकडे तो गेलाच नाही. आणखी दोन उड्या मारून तो गालिच्याच्या काठाशी आला आणि चोचीने तो काठ उचलायला लागला. पान उचलतात तसा. काठ जरा उचलला जायचा आणि परत पडायचा. त्याने तीनदा प्रयत्न केला.

लोक हसले. एका बाईने टाळी वाजवली.

"बघा," प्रमुख पाहुणे शेजारच्याला म्हणाले, "स्वच्छता असली की पक्षीसुद्धा कसा स्पष्ट दिसतो."

स्पीकर वाजतच होता. पक्षी मान वर करून आवाजाच्या दिशेने वळायचा, छाती काढून स्वतः शिट्टी घालायचा, मग पुन्हा खाली बघायचा. मीनाबाईने जार सोडला, माणसांच्या मधून वाट काढत ती स्पीकरपाशी गेली आणि वायर खेचून उपटली.

पक्षी दोन क्षण थांबला आणि झुडपात गेला.

"ओ बाई!" कुणीतरी ओरडलं.

"त्यो भांडायला आलाय," मीनाबाई म्हणाली. "दुसरा नर आलाय असं वाटून भांडायला आलाय. पोटात कायबी न्हाय आन तुमी त्याला भांडायला लावताय. गालिचा उचलत हुता. दिसलं का कुणाला? हसला न्हवं समदे?"

शिवानंदाने तिचा दंड धरला. तिने झटकून सोडवला.

"हात लावायचा न्हाय."

त्याने हात मागे घेतला. पाहुणे घड्याळ बघायला लागले.

नाश्त्याच्या टेबलावर अभिप्रायाची वही ठेवली होती. "अप्रतिम आयोजन." "नवरंग इतक्या जवळून प्रथमच पाहिला." मीनाबाईने पेन घेतलं आणि खाली लिहिलं: काल पाचोळा झाडून जाळला. त्यामुळे नवरंगाला खायला काही राहिले नाही. तो उपाशी आहे. मीनाबाई सर्वगोड, झाडूकाम. नववीपर्यंतचं तिचं अक्षर चांगलं होतं. ओळी सरळ आल्या. मग तिने वही उचलली आणि इडलीची ताटली घेऊन उभ्या असलेल्या कुमारसरांपुढे धरली.

"वाचा. खरं हाय का खोटं?"

सरांनी वाचलं. "खरं आहे."

"मग खाली सही करा. माझं नाव बघून पान फाडत्याल. तुमचं बघून न्हाय फाडणार."

सरांनी पेन हातात घेतलं. वहीकडे बघितलं, साहेब उभे होते तिकडे बघितलं.

"मीनाबाई, असं लिहून वातावरण बिघडतं. पुढच्या वर्षी मी स्वतः लक्ष घालतो. आधीपासून."

"त्यो पुढच्या वर्षी खाणार व्हय?"

सरांनी पेनाला टोपण लावलं आणि ते वहीवर आडवं ठेवलं.

सोमवारी त्या वहीत ते पान नव्हतं. मीनाबाईला गेट आणि संडास मिळाले. नाल्याचा पट्टा नागव्वाला दिला. सोमवारी संध्याकाळी शिट्टी ऐकू आली, भिंतीच्या बरीच पलीकडून. मंगळवारी आली नाही. पुढे गेला, की मांजराने धरला, की कुठल्या तरी गच्चीवर पडला, हे कळायला मार्ग नव्हता. आठ दिवस थांबणारा पक्षी चार-पाच दिवसांत गेला एवढंच नक्की.

मीनाबाईने जून, जुलै, ऑगस्ट संडास धुतले. नागव्वाशी ती बोलली नाही. नाल्याकडे गेली नाही. यशपाल म्हणाला, "एका पक्ष्यापायी किती दिस तोंड फुगवून बसणार?" तर ती म्हणाली, "पक्ष्यापायी न्हाय."

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, नागव्वा गेटपाशी आली.

"चल."

"कुटं?"

"चल म्हणते न्हवं. तुझा पाव्हणा जेवतोय."

मीनाबाई तिच्या मागून गेली. वाटेच्या कडेने खराट्याच्या रेषा होत्या, ताज्या, एकसारख्या. रेषांच्या आत पाचोळा होता. नुसता वडा-करंजाचा नव्हे. त्यात गुलमोहराच्या शेंगा होत्या, सागाची पानं होती, कडुनिंबाच्या काड्या होत्या. ही झाडं नाल्यावर नाहीत.

"ही सागाची पानं हितं कुटनं आली?"

"गोणीतनं आली. आमी बायांनी आपापल्या पट्ट्यातनं आणली. रोज एक गोणी. शिवानंद वाटेनं जातोय, रेषा बघतोय, जातोय."

"कधीपास्नं?"

"तुझं तोंड फुगलं तवापास्नं."

मीनाबाई उकिडवी बसली. परतीच्या वाटेवर नवरंग फारशी शिट्टी घालत नाही, म्हणून कानाला कळत नाही, डोळ्यांनीच शोधावा लागतो. पाचोळ्यात एका ओळीत पानं उलटी पडली होती, ओली काळी बाजू वर. सातभाई पक्षी पानं उलटतात तेव्हा टोळीने सगळा विस्कोट करतात. ही ओळ एकट्याची होती. ओळीच्या टोकाला, वडाच्या मुळाआड, आखूड शेपूट हललं आणि खालचा लाल रंग दिसला. एक पान उलटलं. मग पुढचं.

तो मेमधलाच होता की दुसरा, ते सांगता येत नाही. दोघी दहा मिनिटं तशाच बसल्या. नागव्वाने डबा उघडून दोघींच्या मध्ये ठेवला.

तेवढ्यात मीनाबाईचा फोन थरथरला. कुमारसर. ती उठून पंपाच्या खोलीपर्यंत चालत गेली आणि तिथे फोन उचलला.

"मीनाबाई, कशा आहात? परतीचे नवरंग येण्याचे दिवस आहेत. साहेब विचारत होते, हिवाळ्याआधी एक छोटा कार्यक्रम घ्यावा का म्हणून. नाल्याकडं काही दिसलं का?"

मीनाबाईने मागे वळून बघितलं. नागव्वा भाकरी मोडत होती.

"न्हाय सर," ती म्हणाली. "कायबी न्हाय हितं. समदं झाडून घेतलंय."